डॉक्टर गावात का टिकत नाहीत? सातारा-सांगलीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटण तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) मी डॉक्टर म्हणून बाँडचं, म्हणजे सक्तीच्या शासकीय सेवेचं, एक वर्ष काढलं, मग आणखी तीन वर्षं राहिले आणि शेवटी कराडला आले. म्हणजे टिकणाऱ्यांच्या यादीतही माझं नाव आहे आणि निघून गेलेल्यांच्याही. त्यामुळे प्रश्न तिन्ही बाजूंनी येतात: गावकऱ्यांकडून, इंटर्नशिप करणाऱ्या पोरापोरींकडून आणि त्यांच्या आईवडिलांकडून. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आमच्या पीएचसीला डॉक्टरच नाही. शासन नेमत का नाही?

आधी एवढं तपासा की पद रिकामं आहे की माणूस नेमलेला आहे पण दिसत नाही. दोन्ही दुखणी वेगळी आहेत. बरेचदा कागदावर डॉक्टर असतो. तो शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार सांभाळत असतो, प्रतिनियुक्तीवर तालुक्याला असतो, ट्रेनिंगला असतो, कोर्टात साक्षीला गेलेला असतो, किंवा पीजीची (पदव्युत्तर शिक्षणाची) परीक्षा देऊन ऑर्डरची वाट बघत रजेवर असतो. सपाट भागात ३०,००० आणि डोंगरी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक पीएचसी, असा निकष आहे. तिथे दोन डॉक्टर असतील तर एक बाहेर गेला तरी दार उघडं राहतं. एकच असेल तर त्याचा कोर्टाचा दिवस म्हणजे अख्ख्या खोऱ्याची सुट्टी.

म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाताना “डॉक्टर द्या” एवढंच लिहून नेऊ नका. मंजूर पदं किती, भरलेली किती आणि प्रत्यक्ष हजर किती, हे तीन आकडे लेखी मागा. तिसरा आकडा मिळवायला सर्वात जास्त चिकाटी लागते.

मिरज आणि कराड एवढी डॉक्टरांची गावं जवळ असताना टंचाई कशी?

हा प्रश्न मला आवडतो. डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं ते १८९४ साली. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चं, कराडचं कृष्णा मेडिकल कॉलेज १९८४ चं आणि आता साताऱ्यातही शासकीय महाविद्यालय आहे. कर्नाटकातून रेल्वेने माणसं उपचाराला मिरजेत येतात. म्हणजे आपल्या पट्ट्यात डॉक्टर तयारही होतात आणि राहतातही. फक्त ते एका रेषेत राहतात. हायवे, रेल्वे आणि ऊस जिथून जातो ती ही रेषा. तिच्या पश्चिमेला सह्याद्रीचा पाऊस, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतचा दुष्काळ. दोन्हीकडे खुर्च्या रिकाम्या.

जवळ असण्याचा उलटा परिणामही होतो. कराडला घर आणि पाटणला नोकरी असली की रोज ये-जा जमते, म्हणून डॉक्टर राहायला येतच नाही. पेशंटलाही वाटतं, एवढं आलोय तर थेट कराडलाच जाऊ. मग केंद्रातली ओपीडी रोडावते, काम नसलं की डॉक्टरच्या हाताची सवय मोडते आणि सवय मोडलेला डॉक्टर पुढची केस लगेच रेफर करतो.

पगार कमी म्हणून येत नाहीत ना?

पगार हे कारण आहे, पण तुम्ही समजता तितकं मोठं नाही. कायम वैद्यकीय अधिकाऱ्याचा पगार गावातल्या राहणीला पुरून उरतो. खर्च करायला तिथे आहे काय, म्हशीचं दूधसुद्धा आशाताई पैसे न घेता देऊन जायच्या. टोचतो तो फरक. बरोबरीचा मित्र शहरात पीजी करून दवाखाना टाकतो आणि पाच वर्षांत कुठल्या कुठे जातो. कंत्राटी आणि बंधपत्रित (बाँडवरच्या) डॉक्टरांची वेगळी रड असते. पगार वेळेवर पडेल की नाही याचा भरवसा नाही, आणि पुढच्या वर्षी ऑर्डर निघेल की नाही हेही माहीत नाही.

ज्यांनी खासगी मेडिकल कॉलेजात मोठी फी भरली आहे, त्यांच्या घरचं गणित मात्र खरोखर पैशाचं असतं. शेत विकून किंवा कर्ज काढून शिकवलेल्या मुलाला “गावची सेवा कर” असं सांगणं सोपं नसतं. सांगणारा हप्ते भरणार नसतो.

मग खरं कारण काय?

रात्र.

माझा दुसरा महिना, जुलै. पाऊस असा की क्वार्टरच्या पत्र्यावर शेजारचं बोलणं ऐकू येत नव्हतं. साडेअकराला सिस्टरनी दार वाजवलं, “मॅडम, बाळ झालंय, पण अंगावरून जास्त जातंय.” गेले तर कॉटखालची बादली पाहूनच पोटात गोळा आला. वार पडली होती, गर्भपिशवी मात्र आवळत नव्हती. दोन्ही हातांना सलाइन, इंजेक्शनं, गोळ्या, आणि एक हात सतत पोटावर पिशवी चोळत. पुस्तकातलं सगळं आठवत होतं. आठवत नव्हतं ते एवढंच की आता पुढे कोणाला विचारायचं. कॉलेजात अशा वेळी मागे रजिस्ट्रार असतो, त्याच्या मागे लेक्चरर, त्यांच्या मागे मॅडम. इथे माझ्या मागे भिंत होती आणि भिंतीवर लसीकरणाचं वेळापत्रक.

फोनला रेंज फक्त गेटजवळच्या जांभळाखाली. शिपाईमामा छत्री धरून तिथे उभे राहिले, १०८ ॲम्ब्युलन्सशी तेच बोलले आणि तिकडून निरोप ओरडून सांगत राहिले. गाडी आली, पण वाटेत झाड पडलं होतं म्हणून उशिरा. त्या बाईच्या सासूने तिचे पाय स्वतःच्या मांडीवर उंच धरले होते. कराडपर्यंत माझा हात पोटावरून निघाला नाही. बाई वाचली. कराडच्या कॅज्युअल्टीत एक ज्युनिअर मुलगा मला म्हणाला, “एवढ्या उशिरा का आणली?” पहाटे चारला त्याच गाडीतून परत येताना मी ड्रायव्हरशीसुद्धा बोलले नाही.

सकाळी नऊला ओपीडी होतीच.

तेव्हापासून कोणी विचारलं की डॉक्टर खेड्यात का राहत नाहीत, की मला ती भिंत दिसते. काम जास्त असल्याने माणूस एवढा पळत नाही. चूक झाली तर एकट्याची आणि जमलं तर सांगायला कोणी नाही, याने तो पळतो. माझ्या तिसऱ्या वर्षी केंद्रात दुसरा डॉक्टर आला. पगार तोच, क्वार्टर तेच, पाऊस तोच. तरी त्या वर्षी मी नोकरी सोडायचा विचार एकदाही केला नाही.

ग्रामीण रुग्णालयात तर स्पेशालिस्ट देतात. ते का जातात?

कारण तिथे जोडी लागते. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि भूलतज्ज्ञ नाही, तर सिझेरियन होत नाही. दोघे आहेत आणि रक्ताची सोय नाही, तरी कोणी धाडस करत नाही. बालरोगतज्ज्ञ नसेल तर कमी दिवसांचं बाळ कोणाच्या हाती द्यायचं? यातलं एक पद रिकामं राहिलं की उरलेल्यांचं शिक्षण कपाटात जातं. सर्जन मग दिवसभर सर्दी-तापाच्या गोळ्या लिहितो आणि वर्षभरात राजीनामा देतो. आपण म्हणतो, पैशासाठी गेला. तो मुळात ऑपरेशन करायला गेलेला असतो.

पदं एकेकटी भरण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी तरी पूर्ण संच भरावा, बाकी ठिकाणी फक्त चांगली ॲम्ब्युलन्स ठेवावी, असं माझं मत आहे. कुठल्याही आमदाराला ते पटणार नाही, कारण प्रत्येकाला आपल्या गावात बोर्ड हवा असतो.

बाँड म्हणजे नक्की काय? दंड भरून सुटता येतं का?

शासकीय महाविद्यालयात कमी फीमध्ये शिकल्याच्या बदल्यात एमबीबीएसनंतर एक वर्ष शासकीय सेवा करायची, असा हा करार. नाही केली तर एमबीबीएसला १० लाख, पीजीला ५० लाख आणि सुपरस्पेशालिटीला २ कोटी असे दंड महाराष्ट्रात ठरवलेले होते. नियमांत अधूनमधून फेरफार होतो, म्हणून तुमच्या प्रवेशाच्या वर्षीचा बाँड काढून वाचा. सही करताना तो कोणीच वाचत नाही. मीही वाचला नव्हता.

बाँडने डॉक्टर टिकतात का?

बाँडने खुर्ची भरते. टिकणं ही पुढची गोष्ट. बाँडवर आलेला मुलगा पहिल्या दिवसापासून जायची तारीख मोजत असतो आणि त्याच्या टेबलाखाली नीट-पीजी या प्रवेश परीक्षेची पुस्तकं असतात. त्यात त्याला दोष देण्यासारखं काही नाही, कारण नुसत्या एमबीबीएसला आज लग्नाच्या बाजारातही कोणी विचारत नाही. गावालाही हे कळतं. आमच्याकडचे एक आजोबा प्रत्येक नव्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत विचारायचे, “किती दिवसांचे पाहुणे?” मग बीपीची जुनी फाईल त्याला दाखवायची की नाही ते ठरवायचे.

तरीही मी बाँडच्या बाजूने आहे. सक्ती नसती तर मी पाटणला गेलेच नसते, आणि गेले नसते तर आवडलं की नाही हेही कळलं नसतं. त्या वर्षात माणसाला कसं वागवलं जातं, त्यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्या आठवड्यात कोणी काम समजावून सांगितलं का, रात्री फोन उचलणारा एखादा वरिष्ठ होता का, क्वार्टर राहण्याजोगं होतं का? माझं गळत होतं. अर्ज तीन केले, पत्रा चौथ्या वर्षी बदलला. तो बदलल्यावर दोन महिन्यांत मी निघाले.

खेड्यात नोकरी केली तर पीजीला फायदा होतो म्हणे?

होतो, आणि तरुण डॉक्टरांना खेड्याकडे खेचणारी सर्वात मोठी गोष्ट हीच. दुर्गम भागातल्या सेवेच्या प्रत्येक वर्षाला प्रवेश परीक्षेच्या गुणांवर १० टक्के, जास्तीत जास्त ३० टक्के वाढ, अशी तरतूद राष्ट्रीय नियमांत आणली गेली. पुढे ३१ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं, की सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा राखून ठेवायचा अधिकार राज्यांना आहे. त्यामुळे इन-सर्व्हिस हा शब्द हॉस्टेलमध्ये सगळ्यांच्या तोंडी असतो.

याची दुसरी बाजू अशी की गाव ही शिडी होते. तीन वर्षं भरली की माणूस वर चढतो. पीजी झाल्यावर तो त्याच तालुक्यात परत येईल अशी व्यवस्था पक्की असेल तरच गावाच्या पदरात काही पडतं.

गावचाच मुलगा डॉक्टर झाला तर तो गावात राहील ना?

शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्रामीण भागात वाढलेली मुलं निवडा, त्यांना शिकतानाच खेड्यात पाठवा, हा सल्ला दोन्हींमध्ये वरच्या बाजूला आहे. जपानमध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ १९७२ पासून हेच करतं. प्रत्येक प्रांतातून मुलं घ्यायची, फी माफ करायची आणि बदल्यात साधारण नऊ वर्षं आपल्याच प्रांतात सेवा घ्यायची.

आपल्याकडे अडचण आधीच सुरू होते. माणमधल्या मुलाला नीटमध्ये गुण मिळवायचे तर दहावीनंतर लातूर किंवा पुणे गाठावं लागतं. दोन वर्षं क्लास, साडेपाच वर्षं एमबीबीएस. तेवढ्यात गाव सुटतं ते सुटतंच. शिवाय स्वतःच्या गावात डॉक्टरकी करणं फार सोपं असतं असंही नाही. तिथे भावकी असते. एका चुलत्याला मेडिकल सर्टिफिकेट दिलं आणि दुसऱ्याला नाकारलं की बांधाचं भांडण दवाखान्यात येतं. मी म्हणेन, स्वतःचं गाव नको, पण शेजारचा तालुका उत्तम. भाषा तीच, हवा तीच आणि आडनावावरून कोणी ओळखत नाही.

लेडी डॉक्टरला एकटीने राहणं सुरक्षित आहे का?

मला गावाची भीती कधी वाटली नाही. वाटली ती दारूच्या नशेत रात्री केस घेऊन येणाऱ्या घोळक्याची, आणि मारामारीच्या केसमध्ये “असं लिहा, तसं लिहू नका” म्हणणाऱ्या फोनची. एमएलसी (पोलीस केसमधल्या माणसाची तपासणी आणि नोंद) आणि पोस्टमॉर्टेम हे पीएचसीतल्या डॉक्टरचं काम आहे, हे गावकऱ्यांना फारसं माहीत नसतं. त्यातला दबाव मात्र खरा असतो आणि तो वेगवेगळ्या खुर्च्यांवरून येतो. अशा वेळी वरिष्ठ पाठीशी उभे राहिले तर मुलगी टिकते. “जमवून घ्या” म्हणाले तर ती जाते, आणि जावंच.

बाकी मागण्या साध्या आहेत: क्वार्टरला आतून धड कडी, आवारात दिवा, स्वच्छ संडास, रात्रपाळीला दुसरी एक बाई. पुढच्या वेळी ग्रामसभेत डॉक्टरांचा विषय निघेल तेव्हा या चार गोष्टी बघून या.

डॉक्टरवर हात उचलला तर काय होतं?

महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड, आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. गावात एकदा मारहाण झाली की पुढची काही वर्षं त्या केंद्राचं नाव पोस्टिंग निवडताना सगळे टाळतात. ही यादी कुठे छापलेली नसते, ती व्हॉट्सॲपवर फिरते.

लग्न झालेले डॉक्टर का येत नाहीत?

कारण मग पोस्टिंग एकाचं राहत नाही. नवरा पुण्यात इंजिनिअर असेल तर बायकोने जावळीतल्या मेढ्याला राहायचं कसं? दोघं डॉक्टर असतील तर दोघांना एकाच तालुक्यात जागा मिळेल का? आणि मूल पहिलीत गेलं की सगळी गणितं नव्याने मांडावी लागतात. मी निघाले ती याच कारणाने. तिथली जिल्हा परिषदेची शाळा चांगली होती, गुरुजी मनापासून शिकवत. तरी मी मुलीला तिथे ठेवलं नाही. याचं समर्थन मला आजही नीट करता येत नाही.

जत आणि पाटणचा प्रश्न एकच आहे का?

नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वरला अडवतो तो पाऊस आणि डोंगर. कोयनेच्या पाण्यापलीकडे, कांदाटी खोऱ्यात, माणसं वर्षानुवर्षं लाँचने तापोळ्याला येत आली आहेत. पेशंट आधी पाण्यावर आणि मग रस्त्यावर. जतला अडवतं ते अंतर आणि भाषा. सांगली तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटर, आणि उमदीसारख्या गावाला तर विजापूर जवळचं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. पुण्या-मुंबईचा डॉक्टर तिथे जातो, समोरची आजी “होट्टी नोवू” म्हणते आणि याला पोट दुखतंय हे कळायला सिस्टरला बोलवावं लागतं. कन्नड येणाऱ्या डॉक्टरला जतला प्राधान्य द्यायला हवं. एवढी साधी गोष्ट ऑर्डर काढताना कोणी बघतं, असा माझा अनुभव नाही.

शिराळ्याचं अजून वेगळं. पावसाळ्यात सर्पदंशाची लस फ्रीजमध्ये असणं, आणि ती देताना रिॲक्शन आली तर सांभाळता येईल असा आत्मविश्वास डॉक्टरला असणं, यावर तिथला लोकांचा विश्वास ठरतो. आणि ऊस असलेल्या तालुक्यांत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात तेव्हा काम अचानक वाढतं. फडातली बाई संध्याकाळी सातनंतरच दवाखान्यात येऊ शकते, आणि ओपीडी तेव्हा बंद असते.

बीएएमएस (आयुर्वेदाचे) डॉक्टर दिले तर चालणार नाही का?

आजही खेड्यातला बराच डोलारा त्यांच्यावरच उभा आहे: उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून, १०८ मध्ये, कित्येक पीएचसींत आणि गावच्या पेठेतल्या दवाखान्यातही. ते टिकतात, कारण बहुतेक आसपासचेच असतात. त्यांना नीट ट्रेनिंग आणि ठरलेली कामाची हद्द द्यावी, एवढं मी म्हणेन. या विषयावर भांडायला दोन्ही बाजूंना फार आवडतं, मला नाही.

बंग, आमटे, आरोळे राहिले. तुम्हाला का जमत नाही?

आरोळे दाम्पत्य १९७० ला जामखेडला गेलं, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ पासून हेमलकशात, बंग दाम्पत्य १९८६ पासून गडचिरोलीत. नावं घेताना हात जोडावेत अशीच माणसं. पण नीट बघा, तिन्ही ठिकाणी जोडपी आहेत, तिन्ही ठिकाणी स्वतःची संस्था आहे, आणि कोणाची बदली होत नव्हती. म्हणजे रात्री बोलायला माणूस होतं आणि निर्णय आपल्या हातात होते. सरकारी डॉक्टरला यातलं एकही मिळत नाही. त्याच्याकडून संतपदाची अपेक्षा मात्र असते.

ग्रामपंचायत काय करू शकते?

सत्कार कमी करा. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीला खरंच बसा, आणि पहिला विषय क्वार्टरचा घ्या: पाणी, पत्रा, इन्व्हर्टर, इंटरनेट. डॉक्टर मुख्यालयी राहतो की नाही यावर ठराव करणं सोपं आहे. त्याआधी तिथे एक रात्र सरपंचांनी स्वतः झोपून बघावं. साध्या सर्दीसाठी रात्री दोनला उठवू नका. खोटं सर्टिफिकेट मागू नका. आणि केस रेफर केली तर गाडीत घरातलं एक शहाणं माणूस बसवा.

आमच्याकडे एका वर्षी तरुण मंडळाने गेटजवळच्या त्या जांभळाखाली पत्र्याची शेड आणि एक दिवा लावून दिला, म्हणजे फोनला उभं राहता यावं. खर्च फार नव्हता. मला तो पगारवाढीपेक्षा जास्त लक्षात आहे.

माझी ऑर्डर आली आहे. जाऊ का? आणि सोबत काय नेऊ?

जा. निघण्याआधी आधीच्या डॉक्टरचा नंबर मिळवून अर्धा तास बोला. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमधल्या दोन सीनिअरना सांगून ठेवा की रात्री फोन करेन, आणि लाजू नका. केंद्रात पोचल्यावर पहिल्या दिवशी लेबर रूमचा ट्रे स्वतः उघडून बघा, ऑक्सिजनचा सिलेंडर फिरवून बघा, लसीच्या बाटल्यांची मुदत वाचा. चार्ज घेताना स्टॉक मोजल्याशिवाय सही करू नका.

सोबत चांगली बॅटरी, गमबूट, दोन चादरी जास्तीच्या, कुकर, जमेल त्या कंपन्यांची दोन सिमकार्डं. पीजीची पुस्तकं न्याच. आणि पोचल्या पोचल्या सिस्टरना विचारा, पाणी किती वाजता येतं.